पान एकतीसवरचा टब

९ जानेवारी

साहेब,

तुझं मशीन पोचलं. चार माणसांनी खोकं उचलून दुकानात आणलं, पाचव्याने फोटो काढला. खोक्यावर अकरा चिन्हं आहेत. कुठे पृथ्वीचा गोळा, कुठे हिरवं पान, कुठे एकमेकांत गुंतलेले हात. आईने बोट लावून एकेक मोजलं आणि म्हणाली, "अगं, एवढ्या जणांनी मिळून एकच खोकं पाठवलं?" मी म्हटलं, एकट्यादुकट्याला झेपलं नसतं.

मशीन छान आहे हो. निळं, चकचकीत, वर दाब दाखवणारे दोन गेज. माहितीपुस्तक चार भाषांत आहे, आपली सोडून. आता मला एवढंच सांग, ह्या मशीनचं काम काय? जुन्या एसीतला, जुन्या फ्रिजमधला गॅस दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडायचा नाही, ओढून घ्यायचा. हवेत सोडला की तो वर जातो आणि ओझोनचा थर खातो. हे मला तूच भाषण देऊन सांगितलं होतंस, ते मला पाठ आहे. पण ओढलेला गॅस भरायचा कशात? सिलिंडरमध्ये. तोही मंजुरीचाच हवा, राखाडी आणि वर पिवळा, बाबांचे जुने चालत नाहीत. आणि तो सिलिंडर कुठाय? खोकं उलटं करून झटकलं, थर्माकोल पडला. आणणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, मशीन आमच्या भागीदाराचं. सिलिंडर दुसऱ्या भागीदाराकडे." मग मी गॅस ओढून काय गालात धरून बसू?

थट्टा राहू दे बाजूला. तुझ्याच कार्यालयाचं पत्रक माझ्या समोर आहे. एक जुलैपासून ज्याच्याकडे परवाना नाही त्याला गॅस विकत मिळणार नाही. परवाना हवा तर जानेवारी ते जून, दर महिन्याला मशीनने किती किलो गॅस गोळा केला त्याचा तक्ता भरून द्यायचा. म्हणजे सिलिंडर नाही तर तक्ता नाही, तक्ता नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर एक जुलैला बाबांच्या दुकानाला कुलूप. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधी वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली आणि नंतर एकटी. मला दुसरं काही येत नाही आणि ह्या वयात शिकायची हौसही नाही. तू शिकलास, समन्वयक झालास, चांगलं झालं. मग कर की समन्वय. एक सिलिंडर पाठव.

आई बरी आहे. मशीनच्या खोक्यावर पाय ठेवून बसते. उंची अगदी बेताची आहे म्हणते.

ताई

---

२४ जानेवारी

ताई,

तुला आणि आईला नमस्कार.

पत्र वाचून हसलो आणि थोडं वाईटही वाटलं. तू नेहमी सुरुवातीलाच हत्यार उपसतेस. हा उपक्रम किती मोठा आहे ह्याची तुला कल्पना नाही. ओझोन वाचवायचा करार हा असा करार आहे की ज्यावर जगातल्या एकूण एक देशाने सही केली आहे. दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर जग असं एकत्र आलं आहे, सांग बरं? आणि त्याचा परिणाम होतो आहे, थर हळूहळू भरून येतो आहे. त्या साखळीत तुझं दुकान ही एक कडी आहे. मला तरी त्याचा अभिमान वाटतो.

सिलिंडरबद्दल: मशीनं परदेशातल्या पहिल्या भागीदाराने द्यायची आणि सिलिंडर दुसऱ्याने, असं ठरलं होतं. दुसऱ्या भागीदाराची अट आहे की मशीनं वापरात असल्याचा पुरावा आल्यावरच सिलिंडर रवाना करायचे. पहिल्याचं म्हणणं आहे की सिलिंडर आल्याशिवाय मशीन वापरात आलं असं धरता येत नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. मी दोन्हीकडे पाठपुरावा करतो आहे, आतापर्यंत एकोणीस पत्रं गेली. थोडा धीर धर.

सोबत एक पुस्तिका पाठवतो आहे, 'मेकॅनिकांसाठी मार्गदर्शिका'. सगळा मजकूर माझा आहे. पाच हजार प्रती छापल्या. पहिली तुला.

एक विनंती. पाकिटावर माझ्या नावाच्या जागी 'बर्फ्या' लिहीत जाऊ नकोस. टपाल आधी शिपायाच्या हातात पडतं, मग सगळ्या मजल्यावर फिरतं.

तुझा भाऊ

---

१५ फेब्रुवारी

साहेब,

बरं बाबा, पाकिटावर नाही लिहिणार. बर्फ्या हे नाव तुला मी नाही दिलं, गल्लीने दिलं. रोज शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या कारखान्यातून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून डोक्यावर आणायचास म्हणून. तेव्हाही तुला लाज वाटायची. तिसरीतल्या पोराला वाटली तर मी समजू शकते. आता तू चष्मा लावतोस.

पुस्तिका वाचली. अगदी पहिल्या पानापासून. पान चारवर नियम: खोटा तक्ता देणाऱ्याला परवाना नाही. फार छान. पान बारावर चित्र: हसणारा मेकॅनिक, मशीन आणि सिलिंडर. त्या चित्रातल्या मेकॅनिकचा मला फार हेवा वाटला. त्याच्याकडे सिलिंडर आहे.

मग पान एकतीस आलं. 'चुकीच्या व कालबाह्य पद्धती.' एक टब, टबात बर्फ, बर्फात सिलिंडर, आणि सगळ्यावर लाल फुली. टबाची डावी कडी तुटलेली आणि तिथे तारेचे तीन वेढे. चित्र काढणाऱ्याला तारेचे तीन वेढे स्वप्नात दिसले का रे? तो बाबांचा टब आहे. तू त्याला सांगितल्याशिवाय त्याला ती तार कळली नसती.

मी पुस्तिका आईपासून लपवून ठेवली आहे.

तुला आठवत नसेल तर मी सांगते बाबा काय करायचे ते. तुझं मशीन जगात येण्याच्या आधीपासून करायचे. टबात बर्फ आणि मीठ, त्यात रिकामा सिलिंडर, आतली हवा आधी काढलेली. नळी जोडली की गॅस आपोआप थंडाकडे धावतो. सगळा येत नाही, थोडा मागे राहतो, पण पुष्कळ येतो. प्रत्येक गॅसला वेगळा सिलिंडर, सरमिसळ केली तर पाठीत धपाटा. आधी वजन, नंतर वजन, वहीत टिपण. पाऊण भरला की बंद, म्हणजे फुटायची भीती नाही. बाबांना ओझोन ठाऊक नव्हता. "जी चीज परत वापरता येते ती हवेत सोडायची म्हणजे माज आहे," एवढंच म्हणायचे. आणि तू त्या माणसाच्या टबावर फुली मारून पाच हजार प्रती वाटल्यास! काय दिवे लावलेस रे! अकरा चिन्हांखाली बापाला नापास केलंस.

असो. टब मी माळ्यावर टाकून दिला. साहेबांची पुस्तिका मोडायची आमची काय छाती? जानेवारीचा तक्ता भरून पाठवला आहे. मशीनने गोळा केलेला गॅस: शून्य.

ताई

---

३ मार्च

ताई,

तू इतकी चिडशील असं वाटलं नव्हतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चुकीच्या पद्धतीचं एक उदाहरण मागितलं. मला एवढंच एक माहीत होतं. मी तोंडी वर्णन केलं आणि चित्रकाराने काढलं. बाबांचा अपमान करायचा हेतू नव्हता. पण खरं सांगू? एवढी मोठमोठी माणसं टेबलाभोवती बसली होती. 'आमच्या घरी असंच करायचे' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आता कामाचं. तुझा शून्याचा तक्ता आला. ताई, शून्य लिहू नकोस. शून्य दिसलं की वरच्या कार्यालयात धोक्याचा दिवा लागतो. मशीन वापरात नाही असा अर्थ निघतो, आणि मग सिलिंडर कायमचा अडकतो. काहीतरी आकडा घाल. दोन किलो, अडीच किलो. सिलिंडर आला की पुढच्या महिन्यांत तेवढा गॅस भरून निघेलच. बाकीचे सगळे असंच करतात. मी हे माझ्यासाठी म्हणत नाही, तुझ्या परवान्यासाठी म्हणतो आहे. जूनअखेर तक्त्यात शून्य राहिलं तर मी कुठल्या तोंडाने तुझं नाव पुढे करू?

तुझा भाऊ

ता. क. तेहतीस पत्रं झाली.

---

१२ एप्रिल

साहेब,

उत्तराला उशीर झाला कारण आमच्याकडे उन्हाळा आहे. उन्हाळ्यात लोकांचे एसी बिघडतात आणि मेकॅनिक नावाची जमात काम करते. तुमच्या मजल्यावर ही बातमी पोचली नसेल.

फेब्रुवारी शून्य. मार्च शून्य. तक्त्यातला रकाना काय विचारतो? 'मशीनने गोळा केलेला गॅस.' मशीन आईच्या पायाखाली आहे. तिचे तळवे सोडून त्याने काही गोळा केलेलं नाही. मग मी दुसरं काय लिहू?

आमच्या समोरच्या दुकानातला फुस्सवाला तुला आठवतो ना? एसी उघडला की व्हॉल्व्हला पाना लावतो, फुस्स करून सगळा गॅस मोकळा, आणि वर "चला, पोट साफ झालं" म्हणतो. त्यालाही तुझं मशीन मिळालंय. त्यावर त्याने मोबाईल चार्जिंगला लावायची फळी ठोकली आहे. त्याने तीन महिन्यांचे मिळून तक्त्यात सात किलो लिहिले. काल मला दाखवायला आला, दात काढत. "ताई, तुम्ही किती लिहिले?" शून्य म्हटल्यावर त्याला माझी दया आली. फुस्सवाल्याला! माझी!

जो रोज थराला भोक पाडतो तो तुमच्या कागदावर थर वाचवतोय. एकूण एक देशाने सही केली म्हणालास, चांगलं केलं. पण थर सहीने भरत नाही रे. कोणीतरी व्हॉल्व्ह बंद ठेवला म्हणून भरतो. तुमचे ते दोन भागीदार एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दारात उभे आहेत आणि आम्ही आत उकडून मरतोय.

मी खोटा आकडा लिहिणार नाही. पुन्हा सांगू नकोस.

ताई

---

२ जून

ताई,

एक चांगली बातमी आहे आणि एक कबुली. आधी बातमी.

आपल्या विभागातल्या चाळीस दुकानांतून तुझं दुकान 'आदर्श कार्यशाळा' म्हणून निवडलं गेलं आहे. दोन्ही भागीदारांचे प्रतिनिधी वीस जूनला ते पाहायला येणार आहेत. त्यांनी मान डोलावली की दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळेल आणि सगळ्यांचे सिलिंडर सुटतील. शिवाय तुला परवाना जागेवरच.

आता कबुली. तुझे तक्ते मी बदलले. शून्याचे कागद वर पाठवले असते तर तुझं नाव यादीतून गेलंच असतं, म्हणून नवे भरले. जानेवारी ते मे, चौदा किलो. सही तुझ्यासारखी केली. मला वाटलं होतं बाकीच्यांच्या गर्दीत हा आकडा लपेल. पण तो नेमका सगळ्यांत मोठा निघाला आणि त्यांच्या डोळ्यांत भरला.

रागावशील हे माहीत आहे. पण आता मागे फिरता येत नाही. एक दिवसाचा प्रश्न आहे. खोकं उघड, मशीन टेबलावर ठेव, वायर लाव म्हणजे हिरवा दिवा लागेल. एक राखाडी सिलिंडर मिळव, वरचा भाग पिवळा रंगव. कोणी विचारलं तर चौदा म्हण. आणि टब माळ्यावरच राहू दे. खरंच सांगतो, त्यांच्यापैकी कोणाला तो दिसला तर सगळं मुसळ केरात जाईल.

आईला ह्यातलं काही सांगू नकोस.

तुझा भाऊ

---

८ जून

बाळ, जेव्हा तू शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचास तेव्हा शेवटची रेघ वर न्यायचास. माझ्या सहीतही नेली असशील. त्यावरूनच बाबा ओळखायचे.

तू आदर्श कार्यशाळा केलीस, मी दुकान चालवते. ये. सगळ्यांना घेऊन ये. मी दुकान झाडून ठेवीन, खुर्च्या मागवीन, चहा करीन. रंग मात्र मी कशालाही लावणार नाही.

ताई

---

२३ जून

साहेब,

तुला म्हणे ऐन वेळी ताप आला. दुभाष्याने सांगितलं. थर्मामीटरही भागीदारीतलाच असेल, एकाने काच द्यायची आणि दुसऱ्याने पारा.

पाहुणे आले होते. चौघे आणि तो दुभाषा. तिघे फोटो काढण्यात गुंग. त्यासाठी आईला खोक्यावरून पाय काढावे लागले, ती पुटपुटली. चौथी एक बाई, साठीची, चष्मा दोरीला लटकवलेला. ती कोणाशी बोलली नाही. तिने सरळ खोकं उघडलं, मशीनच्या नळीचं तोंड बघितलं. त्यावर कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची टोपी तशीच होती. तिने ती नखाने काढली, माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "मग चौदा किलो?"

मी म्हटलं, "ते माझे नाहीत."

दुभाष्याने माझ्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं आणि मग सांगितलं. फोटो थांबले.

मी टेबलाखालून टब ओढला. हो, टब. माळ्यावर टाकला असं तुला लिहिलं होतं ना? ती थाप होती. एक दिवससुद्धा टाकला नव्हता. तुझ्या पान एकतीसवर थुंकून मी रोज त्यात बर्फ घालत होते. फुस्स असा आवाज झाला की मला अजून पाठीत बाबांचा हात बसल्यासारखा वाटतो, मी काय करू? पण तुमचा रकाना मशीनचं विचारतो, म्हणून मशीनचं शून्य. टबाला तुम्ही रकानाच ठेवला नाही, फुली ठेवलीत.

दातांच्या डॉक्टरांचा एसी दुरुस्तीला आला होता. त्यावर पाहुण्यांसमोर करून दाखवलं. बर्फ, मीठ, सिलिंडर, आधी वजन. नळी जोडली. सगळे टबाभोवती उभे, लहान पोरं डोंबाऱ्याभोवती उभी राहतात तशी. नंतर वजन: सहाशे वीस ग्रॅम जास्त. मग वही पुढे केली. एक जानेवारीपासून वीस जूनपर्यंत, तारीखवार. अकरा किलो चारशे. समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सिलिंडर नेऊन बाईने स्वतः तोलले. जुळले. फुस्सवाला त्याच्या दारातून बघत होता, त्या दिवशी त्याने दात काढले नाहीत.

बाईने मान हलवली. मला वाटलं, झालं काम. मग तिने पिशवीतून तुझा तक्ता काढला. "ही सही तुमची?"

शेवटची रेघ वर गेलेली.

आई शेजारी बसली होती. तिच्या हातात चहाचा कप होता आणि ती त्या चौघांना सांगत होती की माझा मुलगा तुमच्याच हापिसात मोठा साहेब आहे. मी काय बोलणार? मी गुळणी धरून बसले. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'मग कोणाची?' हा होता.

मी गप्प राहिले त्याचा अर्थ त्यांनी लावायचा तो लावला. बाईने जाताना लिहून दिलं, दुभाष्याने वाचून दाखवलं: वजन खरं, तक्ता खोटा. खोटा तक्ता देणाऱ्याला परवाना नाही, पान चार. तुझंच पान.

त्यांची तीस तारखेला तुझ्या कार्यालयात बैठक आहे. एक जुलै आठ दिवसांवर आली. माझ्याकडे विकत घेतलेल्या नव्या गॅसचा एक भरलेला सिलिंडर आहे, तो संपला की संपलं. मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागितलं होतं जानेवारीत, एक सिलिंडर. फक्त हे सांगते की त्या दिवशी मी तुझ्यासाठी गप्प बसले नाही. आईच्या हातातला कप हलू नये म्हणून बसले.

ताई

---

१ जुलै

ताई,

ताप नव्हता. तुला माहीतच होतं.

तुझं पत्र मी खिशात घालून बैठकीला गेलो. भिंतीवर अकराही चिन्हं लावली होती. पडद्यावर आकडा आला, चाळीस दुकानं, चारशे तीस किलो, आणि टाळ्या झाल्या. पहिल्या भागीदाराने दुसऱ्याचे आभार मानले, दुसऱ्याने पहिल्याचे. मग ती चष्मेवाली बाई म्हणाली की एका कार्यशाळेचा अपवाद आहे, तिचा तक्ता खोटा असल्यामुळे तिचं नाव वगळावं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या विषयाचा कागद उलटला.

मी उठलो. म्हटलं, सही माझी आहे. त्या दुकानवालीची नाही. तिने पाच महिने शून्य लिहून पाठवलं, ते पाचही कागद माझ्या खणात आहेत. मी ते टेबलावर ठेवले. आणि म्हटलं, हे एकच दुकान खोटं बोललं नाही. बाकीच्या एकोणचाळीस दुकानांचे आकडे मी मागून घेतले, नाही मिळाले तिथे स्वतः घातले, कारण एकाही दुकानात मशीनचा सिलिंडर पोचलेला नाही. चारशे तीस किलोंतला एकही किलो खरा नाही. खरे अकरा किलो चारशे आहेत आणि ते ह्या यादीत नाहीत.

अध्यक्ष म्हणाले, आपण चहासाठी थांबू.

बाई चहाला गेली नाही. तिने पुस्तिका मागवली, पान एकतीस उघडलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, हा टब मी पाहिला आहे, तारेचे तीन वेढे होते, तुम्ही हा कुठे पाहिला? मी सांगितलं, घरी. माझ्या वडिलांचा आहे. बर्फ मी आणायचो.

हे वाक्य बोलायला मला तीस वर्षं लागली, ताई. बोलल्यावर काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही, कोणी हसलं नाही. मग इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो कोण जाणे.

करार खोटा नाही. तो थर खरंच भरतो आहे, जगभर कितीतरी माणसं प्रामाणिकपणे राबली म्हणून. त्या कामाला मी खोटे आकडे चिकटवले ह्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मला कामावरून काढलं. चौकशी होईल ती होईल. परवान्यांची तारीख बाकीच्या सगळ्यांसाठी सहा महिने पुढे ढकलली आहे. तुझा परवाना मात्र सोबत आहे, चष्मेवाल्या बाईने समक्ष तोललेल्या वजनावर दिलेला. खुर्ची संध्याकाळी सोडायची होती, तोपर्यंत सही माझीच चालत होती. खाली तिनेही केली आहे. माझ्या सहीची शेवटची रेघ बघ, सरळ आहे.

पान एकतीस मागे घेता येत नाही, पाच हजार प्रती वाटून झाल्या. माझ्याकडे उरलेल्या साठ प्रतींवरची फुली मी ब्लेडने खरवडतो आहे. कागद फाटतो.

आईला काय सांगू ते तूच ठरव.

तुझा भाऊ

---

१९ जुलै

बाळ,

परवाना मिळाला. वर अकरा चिन्हं, खाली दोन सह्या. आईने चष्मा लावून तुझी सही वाचली आणि विचारलं, "आता पुढची सही कधी करणार तो?" मी सगळं सांगितलं. टबासकट, फुलीसकट, चौदा किलोंसकट. मला वाटलं रडेल. तिने चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी खरं बोलला ना? मग येऊ दे घरी. वाळला असेल." झालं. बत्तीस पानी पुस्तिका लागली नाही तिला.

मी मात्र एवढ्यात माफ करणार नाही. सहा महिने तू माझा जीव टांगणीला लावलास. माझ्या नावाने खोटं लिहिलंस, बापाला फुली मारलीस, आणि सत्य सांगायला खिशात माझं पत्र घेऊन जावं लागलं. एवढं शिकून तुला जे तीस वर्षांनी जमलं ते बाबा रोज दुकान उघडतानाच करायचे. माझा राग चांगला पावसाळा संपेपर्यंत टिकेल, तयारीने ये.

आणि हो, सगळ्यांत मोठी बातमी राहिलीच. काल सिलिंडर आला! राखाडी, वरचा भाग पिवळा, रंगवावा लागला नाही. पुन्हा चार माणसं, पाचवा फोटोवाला. मी हौसेने मशीनची नळी जोडायला घेतली. आटे जुळत नाहीत. मशीनचे आटे एका देशाचे, सिलिंडरचे दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना एकदा विचारलंसुद्धा नाही. फुस्सवाला आणि मी रस्त्यात उभे राहून इतके हसलो की आई काठी घेऊन बाहेर आली. मी लेथवाल्याकडे जोडणी करायला टाकली आहे, पितळेची, एवढीशी. परवा मिळेल. तुझ्या त्या चष्मेवाल्या बाईला कळव म्हणजे बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही करून घेता येईल. ती वाचेल. बाकीचे फोटो काढतील.

फुस्सवाल्याने परवा टब मागितला, बघायला म्हणून. शिकतोय. पहिल्याच दिवशी त्याचं मीठ कमी पडलं आणि गॅस अर्धाच आला. मी बोलले त्याला.

मला दुकानात माणूस हवाच आहे. पगार साहेबाचा नाही. उद्याची गाडी धर. येताना कोपऱ्यावरच्या कारखान्यातून एक लादी घेऊन ये, गोणपाट तिथेच मागून घे. आणि गल्लीतून येताना कोणी बर्फ्या म्हणून हाक मारली तर ओ दे.

ताई